फुकट आलेली केटल

(दहावी 1996 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना दोन-तीन ठिकाणी वाक्यं नीट केली आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)



मला दहा मिनिटं दिली आहेत. माझ्याआधी आपले डॉक्टरसाहेब गुडघ्यांवर बोलले आणि बँकवाले म्युच्युअल फंडांवर. मला संयोजकांनी विषय दिला तो व्हॉट्सॲपवर, एका ओळीत. ‘तुला कंपन्या फुकट वस्तू पाठवतात ना, त्या कशा मिळवायच्या ते सांग, सगळ्यांना इंटरेस्ट आहे.’ म्हणजे वालचंदला चार वर्षं घासून इंजिनिअर झाले, पुण्यात 22 वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, त्यात कुणाला काडीचा इंटरेस्ट नाही. फुकट मिक्सरमध्ये आहे!

तर आधी विषयाला धरून सांगते. नंतर एक गोष्ट सांगायची आहे, ती संयोजकांना सांगितलेली नाही.

मला पूर्वीपासून सवय होती, ऑनलाइन काही घेतलं की त्याखाली लांबलचक रिव्ह्यू लिहायचा. कुकरची शिट्टी किती वेळाने होते, चपातीच्या तव्याचा दांडा तापतो का, असलं सगळं. नवरा म्हणायचा, एवढं ऑफिसच्या डॉक्युमेंटात लिहिलं असतंस तर मॅनेजर झाली असतीस. 2019 च्या दिवाळीच्या सुमारास एका शॉपिंग साइटकडून मेल आला: तुमचे रिव्ह्यू लोकांना उपयोगी वाटतात, आमच्या सॅम्पल योजनेत या. अशा योजना नवीन नाहीत. ॲमेझॉनने अमेरिकेत ‘वाइन’ नावाने अशी योजना 2007 मध्येच सुरू केली होती. पद्धत साधारण सगळीकडे सारखी. आपल्याला एक यादी दिसते, त्यातली वस्तू निवडायची, ती घरी येते, पैसे शून्य. ठरलेल्या मुदतीत रिव्ह्यू लिहायचा. वस्तू विकायची नाही. रिव्ह्यूच्या वर साइट स्वतःच बारीक अक्षरांत लिहिते की या व्यक्तीला ही वस्तू मोफत मिळाली आहे. बरं लिहा, वाईट लिहा, तुमची मर्जी, असं नियमांत स्पष्ट असतं.

यात अर्ज करून शिरता येत नाही, बोलावणं यावं लागतं. त्यामुळे ‘कशा मिळवायच्या’ या प्रश्नाचं माझं उत्तर इतकंच: स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूंबद्दल वर्षानुवर्षं नीट लिहीत राहा, मग कधीतरी मेल येईल. निराशा झाली ना? दुसरा एक रस्ता आहे, तो तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. खोक्यातून एक चिठ्ठी निघते, ‘पाच तारे द्या, स्क्रीनशॉट या नंबरवर पाठवा, पैसे परत मिळवा.’ हे साइटच्या नियमांत बसत नाही. ॲमेझॉनने ऑक्टोबर 2016 मध्ये आपल्या योजनेबाहेरचे असे फुकट किंवा सवलतीच्या बदल्यातले रिव्ह्यू बंद केले, आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तर 2024 मध्ये चांगल्याच रिव्ह्यूच्या अटीवर पैसे किंवा वस्तू देण्यावर सरळ बंदीचा नियम केला. तरी चिठ्ठ्या निघतातच. एकदा मीही पाठवला होता स्क्रीनशॉट. मोबाइलच्या कव्हरचे 199 रुपये परत आले. इंजिनिअरिंगची पदवी आणि हिंजवडीतला पगार असून 199 रुपयांसाठी हे केलं, हे सरांसमोर सांगायला आज लाज वाटते आहे.

असो. पाच वर्षांत माझ्याकडे दीडशेच्या आसपास वस्तू आल्या. मिक्सर दोन, इस्त्री, पाण्याच्या बाटल्या, टेबल लॅम्प, योगा मॅट, झाडांना पाणी घालायचा पंप, आणि कशासाठी आहे हे शेवटपर्यंत न कळलेलं एक प्लास्टिकचं यंत्र. सोसायटीचा वॉचमन मला ‘दुकानवाल्या मॅडम’ म्हणायचा. आपल्या ग्रुपवर कुणी विचारलं, कुठला मिक्सर घेऊ, की मी अर्ध्या मिनिटात लिंक टाकायची. तुम्ही घ्यायचा. मला बरं वाटायचं. शाळेत मी काही हुशार म्हणून प्रसिद्ध नव्हते. बाकावर बसून दुसऱ्यांच्या गृहपाठात डोकावणारी मी, आणि आता 60 जणांच्या ग्रुपमध्ये माझा शब्द चालतोय.

आता ती गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी थंडीत यादीत एक इलेक्ट्रिक केटल होती. दीड लिटरची, स्टीलची, किंमत अकराशेच्या आसपास. घरी एक केटल असूनही मी ती मागवली. फुकटचं होतं ना! आली, छान दिसत होती, पाणी पटकन उकळायचं. फक्त झाकण नीट बसत नव्हतं. एकदा दाबलं की बसल्यासारखं वाटायचं, पण ‘खट्’ असा आवाज यायचा नाही. परत दाबलं की मग खट् व्हायचं. मला दुसऱ्या दिवशीच लक्षात आलं. रिव्ह्यूत मी लिहिलंही होतं, ‘झाकण दोनदा दाबावं लागतं, ओतताना लक्ष ठेवा.’ मग सगळा रिव्ह्यू एकदा वाचला आणि ते वाक्य काढून टाकलं. पाच तारे दिले.

त्याच आठवड्यात ग्रुपवर आपल्या एका मैत्रिणीने विचारलं. नाव घेत नाही, ती समोरच बसली आहे आणि हे सांगायची परवानगी मी कालच तिच्याकडून घेतली आहे. तिच्या आईला रात्री उठून औषध घ्यायला कोमट पाणी लागतं, गुडघ्यांमुळे स्वयंपाकघरापर्यंत जाववत नाही, पलंगाजवळ ठेवता येईल अशी केटल सुचवा. मी लिंक टाकली आणि खाली लिहिलं, ‘मी वापरतेय. डोळे झाकून घे.’

तेव्हा केटल घरात येऊन 12 दिवस झाले होते आणि मी ती चारदा वापरली होती.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. काकूंनी रात्री दोन वाजता केटल वाकडी केली, झाकण उघडलं, आणि उकळतं पाणी डाव्या हातावर पडलं. मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले. तीन आठवडे ड्रेसिंग. साखर असल्यामुळे जखम लवकर भरेना. मैत्रिणीने मला फोन केला तो तक्रार म्हणून नाही. तिचा प्रश्न होता, ‘अगं, तुझ्या केटलचं झाकण कसं आहे? आमचीच खराब आली असेल, नाही का?’ तिने मला सुटायची वाट आयती करून दिली होती. आणि मी, थांबा, हे नीटच सांगते, मी ती वाट घेतली. म्हटलं, ‘हो, तुमचा पीस खराब असेल. 1915 ला, ग्राहक हेल्पलाइनला फोन कर.’ तिने केला, कंपनीने केटल बदलून दिली, प्रकरण मिटलं. मला सोडून सगळ्यांसाठी.

मग मी इंजिनिअर लोक करतात ते केलं. चूक नेमकी कुठे झाली ते शोधायला बसले आणि पहिल्यांदा नियम वाचायला घेतले. मनात आशा होती की कुठलातरी नियम मोडलेला सापडेल, म्हणजे दंड वगैरे भरून मोकळं होता येईल. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 नावाचं मानक आणलं. विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, लिहिणारा खरा आहे का ते तपासावं, असं त्यात आहे. ते आलं तेव्हा ऐच्छिक होतं. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेने 2021 मध्ये, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये, समाजमाध्यमांवर वस्तूंची भलामण करणाऱ्यांना सांगितलं की वस्तू फुकट मिळाली असेल तर लोकांना स्पष्ट दिसेल असं लिहा. आयकर खात्याचंही लक्ष आहे बरं का. 1 जुलै 2022 पासून कलम 194 आर आलं. जे हे काम धंदा म्हणून करतात त्यांनी वस्तू ठेवून घेतली आणि वर्षाची किंमत 20 हजारांच्या वर गेली, तर 10 टक्के टीडीएस. वस्तू परत केली तर नाही. म्हणजे फुकट म्हणजे फुकट नव्हे, हे सरकारलाही ठाऊक आहे.

मी यातला एकही नियम मोडला नव्हता. माझ्या रिव्ह्यूवर साइटने ‘मोफत’ असं लिहिलं होतंच. पण मैत्रिणीने तो रिव्ह्यू वाचलाच नव्हता. तिने माझा मेसेज वाचला होता, आणि त्या मेसेजवर ‘मोफत’ हा शब्द कुठेच नव्हता. मी सगळ्यांना इतकी वर्षं लिंका दिल्या, त्यातली कुठली वस्तू मी पैसे देऊन घेतली आणि कुठली फुकट आली, हे एकदाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही. शाळेतली मैत्रीण सांगतेय म्हटल्यावर कोण विचारणार?

आणि ते वाक्य मी का काढलं? याचा मी खूप विचार केला. कुणी सांगितलं नव्हतं. वाईट लिहिलं म्हणून योजनेतून काढतात असंही नाही. एक कारण आपल्या हाडामांसातलं आहे. खाल्ल्या मिठाला जागावं असं आपण शिकलो, आणि एखाद्याने घरपोच वस्तू पाठवली की तिला नावं ठेवताना जीभ अडखळते, मग पाठवणारी कंपनी का असेना. पण खरं कारण मला वाटतं पैशाचं आहे. मी अकराशे रुपये दिले असते, तर त्या झाकणाचा मला राग आला असता. दोनदा दाबताना प्रत्येक वेळी आला असता. फुकटच्या वस्तूचा राग येत नाही. तिचं झाकण सैल असलं तर आपण म्हणतो, चालतंय की. माझ्या सगळ्या फुकटच्या वस्तूंचे रिव्ह्यू मी परत वाचले तेव्हा त्यात खोटं एकही वाक्य सापडलं नाही. राग तेवढा कुठेच नव्हता. आणि घेणाऱ्याला तोच वाचायचा असतो.

मला माझी आजी आठवली. तुमच्यातल्या कितीजणांनी तिला पाहिलंय, आपल्या आठवडी बाजारात यायची. गूळवाला ढेपेचा खडा काढून हातावर ठेवायचा. सॅम्पलच ते! आजी तो चघळायची आणि तोंडावर म्हणायची, ‘हा चिक्कीचा गूळ हाय, पुरणाला न्हाई चालायचा,’ की निघाली पुढे. फुकटचा गूळ खाल्ला म्हणून तिला कधी भीड पडली नाही. कारण चव घेणारी तीच आणि पैसे मोजणारीही तीच. माझं उलट होतं. चव मी घेत होते आणि पैसे तुम्ही मोजत होता.

आता विज्ञानाच्या बाई, तुमच्याकडे येते. तुम्हाला आठवत नसेल. दहावीला ओहमच्या नियमाचा प्रयोग होता. आमच्या टेबलावरच्या ॲमीटरचा काटा हलतच नव्हता. तास संपत आला होता, म्हणून मी शेजारच्या टेबलावरून आकडे घेतले, एकदोन ठिकाणी दशांश बदलले, म्हणजे कॉपी वाटू नये, आणि आलेख काढला. रेषा इतकी सरळ आली की काय सांगू. वही परत आली तेव्हा निरीक्षणाच्या तक्त्याखाली लाल शाईत लिहिलं होतं, ‘चार नंबर टेबलाचा ॲमीटर बंद आहे. हे आकडे कुठून आले?’ तुम्ही वर्गात काही बोलला नाहीत. मला परत प्रयोग करायला लावलात, मधल्या सुट्टीत, त्याच बंद ॲमीटरवर. आणि निरीक्षणाच्या खाली मला लिहायला लावलंत: ‘काटा हलला नाही.’ त्यावर सही केलीत. गुणही दिलेत.

केटलच्या बाबतीत मी हेच परत केलं होतं, 27 वर्षांनी.

पुढे काय केलं ते थोडक्यात सांगते. मैत्रिणीला फोन करून खरं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘ठीक आहे, नंतर बोलू,’ आणि पाच महिने बोलली नाही. तिचं बरोबर होतं. रिव्ह्यू बदलून दोन तारे केले, झाकणाचं सविस्तर लिहिलं. त्याखाली आणखी तिघांनी लिहिलं की त्यांचंही झाकण तसंच आहे. म्हणजे पीस खराब नव्हता. त्या तिघांनीही आधी लिहिलं नव्हतं, हेही लक्षात ठेवा.

योजना मी सोडलेली नाही. सोडून दिली असं सांगितलं असतं तर भाषण जास्त शोभलं असतं, पण नाही सोडली. एक प्रयोगवही मात्र घातली आहे, आपल्या शाळेतल्यासारखीच, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. वस्तू ठेवून घ्यायची असेल तर तिची किंमत पहिल्या पानावर लिहिते आणि स्वतःला विचारते, एवढे पैसे देऊन ही घेतली असती का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ येतं आणि तेच मी रिव्ह्यूत पहिल्या ओळीत लिहिते. सहा महिन्यांनी परत जाऊन भर घालते, कारण महिनाभरात मिक्सरबद्दल काहीच कळत नाही. भांडं गळायला लागतं ते नंतर. पूर्वी महिन्याला तीन-चार वस्तू मागवायचे, आता दोन महिन्यांत एक.

तुम्ही रिव्ह्यू वाचता तेव्हा माझी एक विनंती आहे. पाच तारेवाले आणि एक तारावाले आधी बाजूला ठेवा, तीन तारेवाले वाचा. तिथे माणूस वस्तू खरंच वापरून, थोडा वैतागून लिहीत असतो. तारखा बघा. एकाच आठवड्यात 40 जणांना एकदम प्रेम आलं असेल तर सोडून द्या. आणि काही वेळा विक्रेता जुन्या वस्तूच्या पानावर नवी वस्तू टाकतो, म्हणजे खाली कौतुक चालू असतं दुसऱ्याच कशाचं. फोटो पाहिले की कळतं. सॉफ्टवेअरवाली म्हणून एवढंच ज्ञान द्यायचं होतं, ते दिलं.

काल संध्याकाळी मी काकूंकडे गेले होते. हातावर डाग राहिला आहे. त्यांनी मला बसवलं, लाडू दिला, आणि मग विचारलं, ‘ती वस्तू तुला फुकट मिळालेली होय गं?’ मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘मग तेवढं सांगायचं की आम्हाला. फुकटच्या वस्तूला माणूस नावं ठेवत नाही, एवढं आम्हाला कळतंय. आम्ही आपलं बघून घेतलं असतं.’ आणि चहा टाकायला मैत्रिणीला आत पाठवलं.

माझी दहा मिनिटं कधीच संपली आहेत, संयोजक घड्याळ दाखवतायत. एकच काम उरलंय. मागच्या टेबलावर, नाव नोंदवायच्या वहीशेजारी, मी दोन पानांची यादी ठेवली आहे. आजवर ग्रुपवर मी ज्या 31 वस्तूंच्या लिंका टाकल्या त्या सगळ्या त्यात आहेत. कुठली फुकट आली होती, तेव्हा ती किती दिवस वापरून तुम्हाला सांगितलं होतं, आणि आज तिची काय अवस्था आहे, ते समोर लिहिलंय. 19 फुकटच्या होत्या. ज्या चौघांनी माझ्या सांगण्यावरून तो पांढरा मिक्सर घेतलाय त्यांनी सहावी ओळ नक्की बघा. मोठ्या भांड्याचं खालचं वॉशर वर्षभरात जातं आणि पाणी मोटरमध्ये उतरतं. नवीन वॉशर कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतं. जेवायला जायच्या आधी बघून घ्या.

नमस्कार.